मागे घेतलेली तक्रार

रात्री जेवणं उरकून ओटा पुसत होते, तेवढ्यात फोनवर निरोप आला. “ताई, ती तक्रार राहू द्या. एवढं काही सिरिअस नाहीये. उगाच तुम्हा सगळ्यांना त्रास.” खाली जोडलेले हात. याच मुलीने त्याच आठवड्यात आमच्या समितीच्या सामायिक पत्त्यावर कडक इस्त्रीच्या इंग्रजीत तक्रार पाठवली होती. तारीखवार स्क्रीनशॉट, काय घडलं, काय व्हावंसं वाटतं, सगळं आम्ही सांगून ठेवलंय त्याच क्रमाने. तिथे मी ‘डिअर कमिटी’ होते. मग कुठेतरी माझं आडनाव तिच्या नजरेला पडलं असणार आणि मी ताई झाले. कमिटीला लिहिताना माणूस ठाम असतो, ताईला लिहिताना संकोचतो. बाहेर पाऊस लागून राहिलेला, हाताला ओल्या फडक्याचा आंबूस वास, आणि मी अंगठ्याने उत्तर लिहितेय, खोडतेय. ‘अगं, असं कसं’ लिहिलं, खोडलं. ‘नक्की ना?’ लिहिलं, तेही खोडलं. शेवटी नुसतं ‘बघते’ एवढंच पाठवलं आणि ओटा पुन्हा एकदा पुसला.

नोकरी सांभाळून मी एका छोट्या ओपन सोर्स प्रकल्पाचं, म्हणजे ज्याचा कोड कोणीही वाचू-बदलू शकतं अशा सॉफ्टवेअरचं, डॉक्युमेंटेशन लिहिते. प्रकल्पाचं नाव सांगणार नाही, आणि मुलीची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कोड ऑफ कंडक्टच्या, म्हणजे आचारसंहितेच्या, समितीत मी न्यायनिवाड्याच्या आवडीने आलेले नाही. वार्षिक मीटिंगमध्ये ‘एक जागा रिकामी आहे’ असं कोणीतरी म्हणालं, सगळ्यांनी आपापले माइक बंदच ठेवले आणि ती शांतता मला सोसली नाही, इतकंच. समितीतल्या बाकीच्यांपैकी बहुतेकांना मी प्रत्यक्ष भेटलेलीही नाही. एकाच्या मागे भिंतीवर सायकल टांगलेली दिसते, एकीचं मांजर कीबोर्डवर येऊन बसतं. आणि हे आम्ही मिळून ठरवतो की कोण कोणाशी कसं वागलं.

तिच्या स्क्रीनशॉटमध्ये शिवी नव्हती. आवाज चढवल्याचीही खूण नव्हती. प्रकल्पातल्या सगळ्यात जुन्या मेंटेनर गृहस्थांनी (मेंटेनर म्हणजे आलेले बदल तपासून आत घेणारे) तिच्या पॅचला, तिने सुचवलेल्या बदलाला, दिलेली उत्तरं होती, आणि प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला आभार. वेळ काढल्याबद्दल आभार, पण योगदानाच्या सूचना वाचल्या आहेत ना? (वाचल्या होत्या.) स्पष्टीकरणाबद्दल आभार, पण हा बदल मुळात हवाच कशाला? तिने सांगितलं. मग व्हेरिएबलचं नाव. मग कमिट मेसेजचा (बदलासोबतच्या टिपणाचा) काळ, भूतकाळी की आज्ञार्थी. मग आधी काढायला लावलेली ओळ पुन्हा घालायची सूचना. आठवडे गेले. मध्येच एका ठिकाणी, अगदी सहज म्हणावं तसं, एक वाक्य: तुमच्या भागातून अशा पुल रिक्वेस्ट (बदल आत घ्या अशा विनंत्या) फार येतात, त्यामुळे जरा काळजी घ्यावी लागते.

हे वाक्य वाचून मला राग आला. आणि लगेच, त्याच दमात, ते खरं आहे हेही आठवलं. २०२० च्या ऑक्टोबरात चार पुल रिक्वेस्टच्या बदल्यात टी-शर्ट देणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमाने जो धुमाकूळ घातला तो मेंटेनर लोक विसरलेले नाहीत. रीडमी या प्रकल्पाच्या ओळखीच्या फाइलला ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ असं शीर्षक जोडायचं आणि खाली ‘इम्प्रूव्ह्ड डॉक्स’ म्हणून सही करायची, असला माल ढिगांनी आला. त्यातला बराचसा भारतातून, एका यूट्यूब व्हिडिओतलं उदाहरण जसंच्या तसं उतरवून. आयोजकांना महिना सुरू होऊन आठवडाही व्हायच्या आत नियम बदलावे लागले. ज्या प्रकल्पांना हवंय त्यांनीच भाग घ्यावा, असं ठरलं. पुन्हा २०२४ च्या सुरुवातीला एक्स्प्रेस या नावाजलेल्या प्रकल्पाच्या रीडमीमध्ये आपापलं नाव घालायला आपलेच विद्यार्थी रांगेने आले, कारण शिकवणाऱ्याने व्हिडिओत तसं करून दाखवलं होतं. आमच्या चिमुकल्या प्रकल्पातही असलं काही आलं की ते बंद करण्याचं काम बहुतेक वेळा याच गृहस्थांनी केलंय. रविवारी सकाळी, स्वतःच्या वेळात, फुकट. तेव्हा त्यांना नवं भारतीय नाव दिसलं की मनात आठी पडत असेल, तर ती आठी मला समजते. फक्त त्या आठीची किंमत या मुलीने का मोजायची, हे समजत नाही.

माझे वडील कोथरूडच्या आमच्या सोसायटीचे बरीच वर्षं सेक्रेटरी होते. सभा खाली पार्किंगमध्ये व्हायची; प्लास्टिकच्या खुर्च्या, डास, ट्रेमध्ये गार होत चाललेला चहा. दुसऱ्या मजल्यावरचे काका कधीही आवाज चढवायचे नाहीत. “सेक्रेटरीसाहेब, एक शंका,” एवढंच म्हणायचे. मागच्या सभेचं इतिवृत्त पुन्हा वाचून दाखवा. टँकरच्या खर्चाचं हे खातं बरोबर आहे का. उपविधी काय म्हणतो. रास्त प्रश्न असायचे सगळे. पण नऊला सुरू झालेली सभा साडेअकराला संपायची आणि तोवर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असायच्या. आधी उठायच्या त्या बायका, कारण सकाळचे डबे. मग ज्यांची लहान मुलं आहेत ते. मग भाडेकरू, ज्यांना तसंही कोणी विचारत नव्हतं. ठराव मंजूर व्हायचे ते उरलेल्यांच्या मताने. आणि हेही सांगायला हवं की बिल्डरकडून कन्व्हेयन्स डीड मिळवून दिलं ते याच काकांनी, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून. आज त्या जमिनीवर सोसायटीचं नाव आहे ते त्यांच्यामुळे. वडील जिना चढता चढता म्हणायचे, “त्यांचं एक वाक्य चुकीचं नसतं रे बाबा.” तक्रार करायची तर कुठल्या वाक्याची करणार?

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या जगात २०२४ साली जे घडलं, त्याकडे मी याच चष्म्यातून बघते. ७ ऑगस्टला पायथनच्या स्टीअरिंग कौन्सिलने, म्हणजे भाषेच्या निर्णयमंडळाने, जाहीर केलं की एका कोअर डेव्हलपरला (मूळ कोडात थेट बदल करता येणाऱ्याला) तीन महिन्यांसाठी निलंबित करत आहोत. शिफारस कोड ऑफ कंडक्टच्या कार्यगटाची. घोषणेत नाव नव्हतं, पण ते टिम पीटर्स आहेत हे कळायला कोणाला वेळ लागला नाही. पायथनमध्ये यादी क्रमाने लावली की जे चालतं ते टिमसॉर्ट यांचं, २००२ सालचं. पुढे ते जावाने उचललं, अँड्रॉइडने उचललं. तुमच्या खिशातला फोन काहीतरी क्रमाने दाखवतो, त्यात या माणसाची बुद्धी कुठेतरी असण्याची शक्यता बरीच आहे. पायथन कसं लिहावं याची जी एकोणीस सूत्रं नवशिक्याला पहिल्या आठवड्यात दाखवतात, तीही यांचीच. म्हणजे साधासुधा सभासद नव्हे, पाया घातलेल्यांपैकी एक.

आणि आरोप काय? पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या उपविधीत बदल सुचवला होता: आचारसंहिता मोडणाऱ्या फेलोचं, म्हणजे मानाच्या सभासदाचं, पद संचालक मंडळाला साध्या बहुमताने काढून घेता यावं. त्यावरच्या चर्चेत १७७ पैकी ४७ पोस्ट या एकट्याच्या होत्या, हा एक आरोप. त्याने भीती आणि संशयाचं वातावरण पसरलं, हेही त्यातच. पुढे मतदानात त्या बदलाला ८१ टक्के पाठिंबा मिळाला, याचाही दाखला कौन्सिलने दिला. लैंगिक छळासारख्या विषयावर हलक्याने बोलणं, १९७० च्या दशकातल्या टीव्हीवरच्या एका विनोदी प्रवेशाला, ज्यात एक अपशब्द होता, खरोखर मजेदार म्हणणं, असे आणखी काही. यादी वाचताना माझे दोन भाग झाले. एक भाग म्हणाला, हे काय? पोस्ट मोजता? पन्नास वर्षांपूर्वीचा विनोद आठवला म्हणून अशा माणसाला बाहेर बसवता? आणि दुसरा भाग पार्किंगमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून रिकाम्या खुर्च्या मोजत होता.

कारण ४७ हा आकडा हास्यास्पद वाटतो तो कागदावर. त्या चर्चेत बसलेल्याला तो आकडा म्हणून जाणवत नाही. आपण काहीही लिहिलं तरी त्याखाली त्याच माणसाचं लांब, सभ्य, हसतखेळत उत्तर येणार, हे माहीत असल्याने लिहिणंच नको वाटू लागतं, तसं ते जाणवतं. इजा साठत जाते आणि पुरावा मात्र सुट्या वाक्यांतच द्यावा लागतो. प्रत्येक वाक्य वेगळं काढून उजेडात धरलं की त्यात काहीच दिसत नाही. मग समिती काय करते? सुटी वाक्यं एकाखाली एक मांडते, आकडा टाकते, आणि जग म्हणतं, एवढ्यावरून? मला अजूनही वाटतं की ती यादी त्या स्वरूपात जाहीर करायला नको होती. ती धड पुरावाही झाली नाही आणि धड निकालही. बारीकसारीक आणि गंभीर आरोप एकाच वजनाने एका ओळीत बसले, आणि वाचणाऱ्याने सगळ्यात हलका आरोप उचलून बाकीच्यांना हसून घेतलं. पण काहीच जाहीर केलं नसतं तर? ‘काही कारणांमुळे तीन महिने निलंबित’, एवढंच? त्यावर तर आणखी राळ उठली असती.

इथेच गुप्ततेची गोची आहे. ज्यांनी तक्रारी केल्या त्यांची नावं सांगायची नाहीत, हे बरोबरच. नाही तर पुढची तक्रार येणारच नाही. पण तक्रारदार अदृश्य झाले की दिसतं काय, तर एका बाजूला नावाजलेला, सगळ्यांच्या ओळखीचा माणूस आणि दुसऱ्या बाजूला चेहरा नसलेली समिती. सहानुभूती कुठे जाणार हे सांगायला नको. मी स्वतः समितीत नसते तर माझीही तिकडेच गेली असती. पीटर्सांच्या बाजूने तेव्हा बरेच जण बोलले, त्यात जुने जाणते कोअर डेव्हलपरही होते, आणि ते काही दुष्ट लोक नव्हते. त्यांना दिसत होतं तेवढ्यावर ते बोलत होते.

लिनक्स कर्नलचं, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, प्रकरण अगदी उलट जातीचं. तिथे २०१५ साली ‘कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट’ नावाचं एक छोटं टिपण होतं. तुमच्या कोडची चिरफाड होणारच, ती सोसायची तयारी ठेवा, हा त्याचा सूर. सप्टेंबर २०१८ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्सनी आपल्या पत्रांतल्या फटकळ हल्ल्यांबद्दल माफी मागितली, काही आठवडे बाजूला झाले, आणि त्याच सुमारास काँट्रिब्युटर कव्हेनंट या तयार नमुन्यावर बेतलेली आचारसंहिता कर्नलमध्ये आली. हा कव्हेनंट कोरलाइन अ‍ॅडा एमके यांनी २०१४ मध्ये लिहिलेला. आज असंख्य प्रकल्प तो जसाच्या तसा उचलून आपल्या रेपोत (कोडच्या साठ्यात) टाकतात, बहुतेक न वाचता. कर्नलमध्ये त्याला दात आहेत का, हे कळायला नोव्हेंबर २०२४ उजाडला. बीकॅशएफएस या फाइल सिस्टिमचे (डिस्कवर फाइली कशा ठेवायच्या ते बघणाऱ्या कोडचे) कर्ते केंट ओव्हरस्ट्रीट यांनी मेमरीच्या एका वादात दुसऱ्या डेव्हलपरला, डोकं तपासून घे आणि चालता हो, अशा अर्थाचं लिहिलं, तेही शिवीसकट. समितीने जाहीर माफी मागायला सांगितलं. त्यांनी मागितली नाही. मग टेक्निकल अ‍ॅडव्हायझरी बोर्डाच्या मंजुरीने ६.१३ या आवृत्तीच्या चक्रापुरता त्यांचा सहभाग थांबवला.

इथे पुरावा शोधायला नको. वाक्य समोर, तारीख समोर, कोणाला उद्देशून तेही समोर. समितीतल्या माणसाला अशी केस मिळाली तर मनातल्या मनात हुश्श होतं, हे उघड सांगते. पण मग वेगळंच लचांड. एक चक्र म्हणजे नऊ-दहा आठवडे, आणि ज्याने ही फाइल सिस्टिम आपल्या डिस्कवर टाकली त्याच्यासाठीच्या दुरुस्त्याही तितके दिवस अडणार. वाक्य लिहिलं एकाने, अडकला तिसराच. ओव्हरस्ट्रीट यांचा हाच मुद्दा होता, की माझा कोड घेतला नाही तर लोकांच्या डेटाचं काय? मुद्दा बिनतोड वाटतो, आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे. ज्याच्यावाचून अडतं त्याला नियम लावायचा नाही, असं एकदा मान्य केलं की नियम फक्त नवख्यांना उरतो, ज्यांच्यावाचून अजून कोणाचं काही अडत नाही. (२०२५ मध्ये ही फाइल सिस्टिम कर्नलमधून बाहेरच गेली, पण ते भांडण पॅच कधी आणि कसे पाठवायचे याचं.)

या बाबतीत रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या मॉडरेशन टीमबद्दल, म्हणजे तिथे वागणुकीचे नियम सांभाळणाऱ्यांबद्दल, मला आदर आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये सगळ्या टीमने एकदम राजीनामे दिले: कोअर टीम स्वतःखेरीज कोणालाच उत्तरदायी नाही, तिला नियम लावता येत नाही, मग आम्ही इथे बसून करायचं काय? पुढे २०२३ मध्ये तिथली सगळी रचनाच बदलून लीडरशिप कौन्सिल आलं. आणि एक एस्क्यूलाइट, डेटाबेसचं सॉफ्टवेअर. त्यांनी २०१८ साली संत बेनेडिक्टच्या मठासाठीची सहाव्या शतकातली बहात्तर वचनं आचारसंहिता म्हणून लावून टाकली. त्यात, फार किंवा मोठ्याने हसण्याची आवड धरू नये, असंही एक आहे. गदारोळ झाल्यावर त्याला नीतिसंहिता म्हणू लागले आणि आचारसंहिता म्हणून मोझिलाची घेतली. मूठभर माणसं, बाहेरून कोड जवळजवळ घेतच नाहीत; त्यांना बहात्तर काय नि सात काय. ज्या घरात पाहुणाच येत नाही तिथे पाटीवर काहीही लिहा.

तर ती मुलगी. मागे घेतलेल्या तक्रारीचं काय करायचं हे आमच्या नियमांत कुठेच नव्हतं. समितीच्या कॉलवर मी आधी सांगून टाकलं की तिने मला वेगळा निरोप पाठवलाय, मला ताई म्हणालीय, तेव्हा मत द्यायला मी नको. सायकलवाल्याला ‘ताई’चं गांभीर्य समजेना, त्याच्या मते हा नुसता ओळखीचा प्रश्न होता. मी म्हटलं, तू नाही समजणार, पण लिहून घे. मग मांजरवालीने एक साधी गोष्ट काढली. सगळे रिव्ह्यू, म्हणजे पॅचवरचे शेरे, उघडे आहेत, कोणीही वाचू शकतं. मग बघायला तक्रार कशाला हवी? तिने आणि आणखी एकाने मागच्या वर्षाचे रिव्ह्यू बसून वाचले. मेंटेनर सगळ्यांनाच असे पिळत होते, हे खरं निघालं. फक्त ओळखीच्यांना आठवडाभर, अनोळखी नावांना महिनाभर. त्यांच्या बरोबर बरीच वर्षं काम केलेल्या एकाने त्यांना फोन केला. कव्हेनंटच्या २०१९ च्या आवृत्तीत शिक्षेची चार पायऱ्यांची शिडी आहे: समज, ताकीद, तात्पुरती बंदी, कायमची बंदी. लोकांना वरच्या दोन पायऱ्या ऐकू येतात. आमचं जवळजवळ सगळं काम पहिल्या पायरीवर, फोनवर चालतं, आणि त्याचा कुठे मागमूस राहत नाही.

मेंटेनर दुखावले. साहजिक आहे. म्हणाले, मी सगळ्यांशी असाच वागतो. त्यांना महिने आणि आठवडे दाखवल्यावर बराच वेळ बोलले नाहीत आणि मग म्हणाले, हे मला माहीत नव्हतं. मला त्यांचं खरं वाटतं. ‘तुमच्या भागातून’ हे वाक्य मात्र त्यांना आठवतच नव्हतं. आता नियम असा झालाय की नव्या माणसाचा पॅच ठरावीक मुदतीत पुढे सरकला नाही तर दुसरा रिव्ह्यूअर आपोआप जोडला जातो. तिचा पॅच दुसऱ्याने एका संध्याकाळी मर्ज केला, म्हणजे आत घेतला. ती नंतर आमच्याकडे आली नाही. रेझ्युमेवर ओळ हवी होती तेवढी मिळाली आणि गेली, असं सायकलवाला म्हणतो, असेलही. त्यात काही वाईट आहे असं मला वाटत नाही.

सध्या समितीत पुन्हा एक जागा रिकामी आहे. दोन अर्ज आलेत, दोन्हींत न्याय, समता आणि समुदायाचं भवितव्य यावर लांबच लांब लिहिलंय, आणि ते वाचून मला त्या सभेतला गार चहा आठवतो. म्हणून मी स्वतःच एकाला विचारलं; बिल्ड स्क्रिप्ट सांभाळतो, फारसं बोलत नाही, स्वतःचे पॅच नाकारले गेले तेव्हा आदळआपट न करता नवे पाठवलेत. त्याचं उत्तर आलं: आधी हे सांगा, तुमची मीटिंग किती वेळ चालते? मी खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, चाळीस मिनिटांच्या वर गेली तर मी उठून जाईन. त्याचं नाव मी पुढे पाठवलंय.